आधी थांबणं

आर्डिथ म्हणाली, एक्याऐंशी वर्षांची झाले मी, मिस्टर हुडाक,
ताशी बारा मैलांनी जायला
माझ्याकडे आता वेळ कुठे आहे?

गाडी तिच्या नवऱ्याची. फिकट पिवळी, गोल्फची.
काठ्या विकल्या, टोपी कुणीतरी नेली,
गाडी राहिली.
फ्लोरिडातल्या आमच्या या तळ्याकाठच्या वस्तीत
वाणसामान, दंतवैद्य, चर्च, पत्त्यांचा क्लब
सगळं अशाच गाड्यांवर चालतं.
अडचण एकच, मोठ्या रस्त्यावरचा हिरवा दिवा.
सात सेकंद.
ती मध्यावर पोचते तोवर ट्रकवाले भोंगे वाजवू लागतात.
"पिशवीतून घरंगळलेला बटाटा व्हायला होतं," ती म्हणाली.

मी चाळीस वर्षं पिट्सबर्गात लिफ्ट दुरुस्त केल्या.
लिफ्टवाल्याला वेगाचं कौतुक नसतं.
वर न्यायला मोटर असते,
पण माणूस आत पाऊल टाकतो ते ब्रेकच्या भरवशावर,
आणि ब्रेक कुठे बसवलाय
हे त्याला जन्मात ठाऊक नसतं.

म्हणून आधी मोटरला हात लावला नाही.
मंगळवारी चर्चचं पार्किंग रिकामं असतं. तिथे खडूनं
एक रेघ मारली. इथे पाय दाबायचा.
बारा मैलांना गाडी जिथे थांबली, तिथे दुसरी.
मग विचारलं, वेग दीडपट हवा ना?
थांबायला जागा दीडपट पुरत नाही.
दीड दिढे सव्वादोन.
पावलं मोजत गेलो, वाकलो, तिसरी रेघ मारली,
ती जवळजवळ कडेच्या वाफ्याला टेकली.
"इथे?"
"इथे. तेही ब्रेक धड असले तर."
ती काही बोलली नाही. चष्मा पुसत राहिली.

गाडी ठोकळ्यांवर चढवली. स्विच बंद, बॅटरीची तार सुटी,
लग्नाची अंगठी काढून शर्टाच्या खिशात.
मागचे ड्रम उघडले तर लायनिंग कागदाएवढं उरलेलं,
केबल इतकी सैल
की पेडल अर्ध्यावर गेल्यावर जागं व्हायचं.
सहा बॅटऱ्यांतल्या दोन तहानलेल्या.
चढ चढून आल्यावर ज्या तारा हाताला चटका द्यायच्या
त्यांच्या जागी करंगळीएवढ्या जाड घातल्या.
पुढच्या चाकाचं बुश खुळखुळत होतं.
बारा मैलांना तो नुसता आवाज असतो.

शेजारचा ग्रोव्हर कुंपणावरून म्हणाला, मोठी चाकं घाल की,
एका दुपारचं काम.
खरंय. मोठ्या चाकांवर गाडी पळते.
उंचही होते, आणि वळणावर कुशीवर पडायला
तिला थोडकं निमित्त पुरतं.
नको म्हटलं.

सर्वांत शेवटी कंट्रोलर. जेवणाच्या डब्याएवढा.
त्यात अठरा भरलं.
बावीसही भरता आलं असतं. कुणाला कळलं नसतं.

चाचणीला ती स्वतः बसली, पट्टा लावून
(तो मी त्याच आठवड्यात बसवला, ती अजून कुरकुरते).
रेघेवर पाय दाबायचा, असं ठरलेलं.
पण रेघ यायच्या आधीच ओकच्या झाडामागून
क्रौंचांची जोडी चालत आली, मागे पिवळट पिल्लू,
घाई तिघांपैकी कुणालाच नाही.
गाडी थांबली.
माझ्या हातात टेप होती, मोजायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या खेपेला मोजलं. तिसऱ्या रेघेच्या नऊ फूट अलीकडे.
ते नऊ फूट माझी मजुरी म्हणा.
लिंबाचा केक तिनं वर दिला.

रविवारी मुलं त्या रेघांवरून उड्या मारत होती.
पाद्री विचारत होते, हे कोणी आखलं?
आम्ही दोघं गप्प.

परतताना हिरव्या दिव्यात आम्ही पार झालो,
मागे एक भोंगा नाही.
पलीकडच्या सावलीत तिनं गाडी हळू केली,
बारावर आणली, बराच वेळ तशीच नेली.
मग माझ्याकडे न बघता, "पंचवीस?"
म्हटलं, पंचवीस म्हणजे वेगळीच गाडी.
समोर काच, आरसे, नंबराची पाटी, आणि त्याआधी
"ब्रेक," ती म्हणाली. "बुधवारी या."